गवंड्याच्या हातचा कागद परत पाठवू नका : विमा कंपन्यांच्या क्लेम विभागांना खुलं पत्र

विमा कंपन्यांच्या क्लेम विभागात बसणाऱ्या सगळ्यांना, आणि हैदराबादला विमा नियामक प्राधिकरणात नियम लिहिणाऱ्यांनाही,

नमस्कार.

गेल्या महिन्यात देवरुखला माझ्या मामेभावाच्या घरावर शेजारचा फणस पडला. रात्री वारा सुटला होता, घरात माणसं होती पण पुढच्या पडवीत त्या दिवशी कोणी झोपलं नव्हतं म्हणून वाचले. आढं मोडलं, चौदा वासे गेले, रिपांचा चुरा झाला, कौलं किती फुटली ते मोजायला कोणाला सवड नव्हती कारण पाऊस आत येत होता आणि आधी ताडपत्री शोधायची होती. घराचा विमा होता. दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला कळवलं, तिसऱ्या दिवशी मेल आला, आणि तो त्याने मला फॉरवर्ड केला कारण आमच्या नात्यात क्लेमचे हेलपाटे घातलेला माणूस मी एकटाच. मेलमध्ये लिहिलंय की दुरुस्तीची तीन एस्टिमेट द्या, तीन वेगवेगळ्या कॉन्ट्रॅक्टरची, लेटरहेडवर, जीएसटी नंबरसकट, आयटमवार, सही-शिक्क्याची, सात दिवसांत, नाहीतर फाइल बंद करू.

हाच मेल मला २०२१ मध्ये आला होता. शब्द थोडे इकडचे तिकडे असतील, कंपनी वेगळी, पण मागणी तीच. म्हणून हे पत्र लिहितोय.

मी चिपळूणचा. बाजारपेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान, पुढे दुकान मागे घर, वडलांनी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्याचं. २२ जुलै २०२१ ला पहाटे पाणी चढायला लागलं. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती आणि त्या खुणेच्या हातभर वर आम्ही मुद्दाम माळा बांधून घेतलेला, की परत कधी आलंच तर माल वर टाकता येईल. माल वर टाकला पण. यावेळी पाणी माळ्याच्याही वर गेलं. आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर होतो, तिथून वाशिष्ठी कुठे आणि शिवनदी कुठे ते कळत नव्हतं, सगळं एकच गढूळ पाणी आणि त्यात गॅसचे सिलिंडर तरंगत चाललेले.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तर आमचं शटर उघडेना. कागद पाणी पितो आणि फुगतो, वह्यांचे गठ्ठे फुगून रॅकचे अँगल वाकले होते आणि रॅक शटरवर रेलले होते. पहारीने उचकटलं तेव्हा आतून सगळा लगदा बाहेर आला. त्या वर्षी कोरोनामुळे जूनमध्ये शाळा उघडल्या नव्हत्या, त्यामुळे सीझनचा भरलेला सगळा वह्यांचा माल तसाच पडून होता. पुढे सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान मोजायला आलेल्या माणसाने, पहिला प्रश्न हाच विचारला की जुलैमध्ये एवढा स्टॉक कसा. मी म्हटलं साहेब, शाळाच बंद आहेत, विकणार कोणाला. त्यांनी ते लिहून घेतलं, पण रिपोर्टमध्ये ते कुठे आलं नाही.

तर एस्टिमेटचं. दुकानाची पॉलिसी बँकेने सीसी लोनबरोबर, म्हणजे धंद्यासाठीच्या कर्जाबरोबर काढलेली, मे महिन्यातच रिन्यू झालेली, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी जी नवी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आली तीच. घराची वेगळी, भारत गृह रक्षा. दोन्हीचा हप्ता भरलेला. नेटवर्क आल्याबरोबर गुहागर नाक्यावर जाऊन, तिथे रेंज येत होती, कंपनीला फोन केला आणि कळवलं. सर्व्हेअर आले नवव्या दिवशी. तेव्हाचा नियम ७२ तासांत सर्व्हेअर नेमण्याचा होता. नेमला असेलही कागदोपत्री, मला माहीत नाही, पण आला नवव्या दिवशी. माणूस वाईट नव्हता, पुण्याहून आलेला, त्याच्याकडे बाजारपेठेतल्याच पन्नास-साठ फायली होत्या, चिपळुणातली लॉजं बुडलेली म्हणून खेडला उतरलेला, रोज तिथून ये-जा करायचा. मी त्याला दोष देत नाही.

पण नऊ दिवस चिखल ठेवायचा कसा ते मला कोणीतरी सांगा. चौथ्या दिवशी नगरपरिषदेचे डंपर गल्लीत आले आणि सांगून गेले की काय टाकायचंय ते आज टाका, उद्या दुसऱ्या गल्लीत जाणार. वास सुटला होता, लेप्टोची भीती होती, घरात ऐंशी वर्षांची आई. आम्ही मोबाइलवर जमतील तेवढे फोटो काढले, बॅटरी शेजाऱ्याच्या गाडीवर चार्ज करून, आणि लगदा फावड्याने ओढून टाकला. मजुराला दिवसाला हजार-बाराशे देऊन. मग नवव्या दिवशी विचारलं गेलं की डॅमेज माल कुठेय, मोजायचा कसा. आणि शेवटी जो हिशोब झाला त्यात त्या लगद्याची भंगार किंमत म्हणून दहा टक्के वजा केलेले होते. जो लगदा मी पैसे देऊन उचलायला लावला त्याची.

मालाची बिलं मागितली, ते ठीक आहे, मागायलाच पाहिजेत. आमच्या बिलांची फाइल पण पाण्यात होती. आई आणि बायको दोघींनी मिळून एकेक बिल सोलून वेगळं केलं, कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून वाळवलं. बॉलपेनने लिहिलेली बऱ्यापैकी वाचता येत होती, शाईच्या पेनची निळी पुसट झालेली, आणि मशीनमधून निघालेली थर्मल पेपरची बिलं कोरी. चक्क कोरी. मी कंपनीला म्हटलं की जीएसटी पोर्टलवर टू-ए नावाच्या खरेदीच्या यादीत माझी सगळी खरेदी दिसते, समोरच्या होलसेलरने भरलेली, मी भरलेली नाही, यात मी काही घुसडू शकत नाही, ती घ्या. सहा आठवडे त्यावर उत्तर नाही. मग एक दिवस मेल, की स्कॅन्ड कॉपी ऑफ ओरिजिनल बिल्स पाठवा.

आता घराच्या दुरुस्तीचं एस्टिमेट, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय. गिलावा तीन-चार फुटांपर्यंत फुगून सुटलेला, दारांच्या चौकटी सुजलेल्या, वायरिंग गेलेलं, मागच्या खोलीतली लादी खालची माती वाहून गेल्यामुळे खचलेली. आमचे गवंडीभाऊ, आमच्या वडलांच्या वेळेपासूनचे, ते आले, टेप लावून मापं घेतली, शाळेच्या वहीच्या दोन पानांवर सगळं लिहून दिलं. भिंत किती ब्रास, गिलावा, लादी किती फूट, सिमेंटच्या गोणी किती, वाळू किती, मजुरी किती दिवसांची. खाली सही. बेरीज २ लाख १५ हजार. त्यात सुताराचे चौकटींचे आणि वायरमनचे वेगळे लिहिलेले. मी आजही सांगतो, मी नंतर ते काम करून घेतलं तेव्हा त्या आकड्याच्या फार तर सात-आठ हजार इकडे तिकडे खर्च आला. एवढं नेमकं एस्टिमेट तुमच्या लेटरहेडवाल्याने दिलं नसतं, कारण त्या घराची भिंत कुठे किती जाड आहे ते गवंडीभाऊंना पाठ आहे.

तो कागद परत आला. कारण लेटरहेड नाही, जीएसटी नंबर नाही.

जीएसटीचा कायदाच म्हणतो की नुसती सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात त्याला नोंदणी करायची गरज नाही. आमच्या गवंडीभाऊंची उलाढाल २० लाख कुठून होणार? सुताराची? म्हणजे जो माणूस कायद्याने नंबर घ्यायला बांधील नाही त्याच्या कागदावर नंबर नाही म्हणून तो कागद खोटा धरायचा? आणि कोकणात, नुसतं कोकणातच का, सांगलीत, कोल्हापुरात, कुठल्याही तालुक्याच्या गावात घरं दुरुस्त कोण करतं? हेच लोक करतात. ज्यांच्याकडे लेटरहेड आहे ते रस्ते आणि बिल्डिंगा करतात, ते दोन लाखांच्या गिलाव्याला येत नाहीत.

मी तरी शोधले. एक कराडचा मिळाला, एक रत्नागिरीचा. दोघांनी सांगितलं की येऊन बघून एस्टिमेट द्यायचे तीन-तीन हजार, काम आम्हाला दिलंत तर वळते करू. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, माणूस गाडी घेऊन एवढ्या लांब येणार आणि काम त्याला मिळणार नाही हे त्याला दिसतंय. तिसरा मिळालाच नाही, तिसरा कागद ओळखीने आणला, म्हणजे ज्याने घर पाहिलंच नाही त्याने रत्नागिरीवाल्याच्या आकड्यात थोडी भर घालून सही-शिक्का मारून दिला. हे मी इथे उघड लिहितोय कारण हे मी एकट्याने केलेलं नाही, बाजारपेठेत त्या महिन्यात असे कागद फिरत होते हे सगळ्यांना माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत असणार. घर न पाहिलेल्या माणसाचा शिक्क्याचा कागद तुमच्याकडे चालला. घर बघून मापं घेतलेल्या माणसाचा बिनशिक्क्याचा चालला नाही. खोटेपणा थांबावा म्हणून तुम्ही ही अट घातली असेल, तर त्या अटीनेच माझ्यासारख्या सरळ माणसाला पहिल्यांदा खोटा कागद जोडायला लावला, आणि ते मला अजून टोचतं.

ते सहा हजार मी क्लेममध्ये लावले, ते कापले गेले. विचारलं तर पॉलिसीचं पान दाखवलं. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत लिहिलेलं आहे, क्लेम तयार करण्यासाठी आलेला खर्च, फी वगैरे देय नाही. आर्किटेक्टची फी क्लेमच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा उचलायचे दोन टक्क्यांपर्यंत मिळतात, पण ती फी दुरुस्तीची, क्लेमचे कागद बनवायची नाही. म्हणजे कागद आणा असं सांगणार तुम्ही, त्याचे पैसे जाणार माझे, आणि ते पॉलिसी घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं. आता हे सगळं वाचून पाठ झालंय.

आणि एवढं करून आकडा ठरवला कोणी? सर्व्हेअरनेच. त्याने ती तीन एस्टिमेट बाजूला ठेवून स्वतःचे दर लावले, घसारा कापला, आणि २ लाख १५ चे १ लाख ३२ झाले. घसारा कसला हे विचारलं तर घर जुनं आहे म्हणाले. मी म्हटलं लादी खचली ती जुनी होती हे खरं, पण मला जुनी लादी कोण विकणार, मला नवीच घालावी लागणार ना, आणि गृह रक्षाच्या पॉलिसीत तर दुरुस्तीचा खर्च द्यायचा असं लिहिलंय. त्यावर मेलामेली झाली, शेवटी थोडं वाढवून दिलं. मार्च २०२२ मध्ये पैसे आले. आठ महिने. तोपर्यंत काम उसनवारीवर करून झालेलं.

माझा मुद्दा इथे आहे. विमा कायद्याच्या ६४ यूएम कलमाप्रमाणे ठरावीक रकमेच्या वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो, त्याची फी कंपनी देते, आणि नुकसान किती झालं ते बघून ठरवणं हेच त्याचं काम आहे. मग माझ्याकडून तीन एस्टिमेट कशासाठी? नुकसान झालं हे मी दाखवलं पाहिजे, मान्य, काय काय गेलं त्याची यादी मी दिली पाहिजे, फोटो दिले पाहिजेत, शंभर टक्के मान्य. पुराच्या वेळी आकडे फुगवणारे लोक पण आमच्यातलेच होते, मी पाहिलेत, त्यांच्यामुळे बाकीच्यांकडे संशयाने बघितलं जातं हे पण कळतं मला. पण फुगवलेला आकडा पकडायचा असेल तर त्याला उपाय माप घेणं हा आहे. सर्व्हेअरने टेप घेऊन भिंत मोजावी. सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची आहे, गिलाव्याचा दर काय, लादीचा काय, सगळं छापलेलं असतं, ती लावा, आणि पूर आल्यावर गावात मजुरी दुप्पट होते हे डोळ्याने दिसतं तेवढं त्यात धरा. आणि माझ्या गवंड्याच्या आकड्यातून जे कापाल ते का कापलं ते ओळीओळीने लिहून द्या. मला रिपोर्टची कॉपी तीनदा मागितल्यावर मिळाली. ती मागायची वेळच का यावी?

तलाठ्यांचा पंचनामा पण झाला होता. सरकारी मदतीसाठी. पाचव्या दिवशी आले होते ते, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पण कामाला लावलेले त्या आठवड्यात, चिखलातच उभं राहून लिहून घेतलं, पाण्याची खूण भिंतीवर किती फुटांवर ते मोजलं. सरकारच्या माणसाने नुकसान ताजं असताना पाहून सही केलेला कागद. तो मी लावला तर उत्तर आलं की तो मदतीसाठीचा आहे, क्लेमसाठी ग्राह्य नाही. ग्राह्य का नाही? किमतीसाठी नको धरू, पण पाणी किती आलं, काय भिजलं, एवढ्यासाठी तरी तो पुरावा नाही का? तुमचा माणूस नवव्या दिवशी आला आणि आमची भिंत तोपर्यंत धुऊन झाली होती.

झेरॉक्स मशीनची वेगळीच कथा. ते दुरुस्त होणार नाही असं अधिकृत सर्व्हिस सेंटरचं पत्र हवं. सर्व्हिस सेंटर रत्नागिरीला, इंजिनिअर यायला तीन आठवडे कारण त्या दिवसांत चिपळुणातलं प्रत्येक मशीन बुडालेलं. तोपर्यंत ते मशीन, आतून चिखल वाळून दगड झालेलं, दुकानात अडवून ठेवलेलं, हलवायचं नाही. तेरा फुटांच्या गाळ्यात.

आता तुम्ही म्हणाल जुनी गोष्ट आहे, नियम बदलले. हो, बदललेत, आणि चांगले बदललेत. जून २०२४ मध्ये प्राधिकरणाने मास्टर सर्क्युलर, म्हणजे कंपन्यांसाठी नियमांचं एकत्र परिपत्रक काढलं त्यात आहे की क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर ठरवायचा, १५ दिवसांत त्याने रिपोर्ट द्यायचा, रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा, आणि कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणाने क्लेम नाकारायचा नाही. लागतील ते कागद पॉलिसी देतानाच मागून घ्या, क्लेमच्या वेळी फक्त जरुरीचे मागा, असंही आहे. हे वाचून मला खरंच बरं वाटलं होतं. मग देवरुखचा हा मेल कुठून आला? नाकारणार असं कोणी लिहीत नाही आता, फाइल बंद करू असं लिहितात. ज्याचं घर उघडं पडलंय त्याला यातला फरक कळत नाही, तो घाबरतो आणि खोटा शिक्का शोधायला निघतो किंवा क्लेमच सोडून देतो. बाजारपेठेतल्या किती जणांनी सोडून दिला ते मी पाहिलंय. आमच्या समोरचा शिंपी, दोन मशीन आणि कापड मिळून लाखभराचं नुकसान, त्याने तिसऱ्या मेलनंतर उत्तरच दिलं नाही. म्हणाला, दादा, एवढ्यात मी चार ब्लाऊज शिवतो.

प्राधिकरणाला माझी विनंती आहे की एस्टिमेटच्या बाबतीत स्पष्ट शब्दांत लिहा. घराचा आणि लहान दुकानाचा क्लेम असेल तर स्थानिक कारागिराचं हाताने लिहिलेलं, मापं आणि सही असलेलं एक एस्टिमेट पुरे, नंबर आणि लेटरहेडची सक्ती नाही, आणि कंपनीला दुसरं हवं असेल तर कंपनीने आपल्या खर्चाने काढावं. मोठ्या कारखान्यांचं मला माहीत नाही, त्यांच्याकडे माणसं असतात. पूर, वादळ असं गावच्या गाव बुडालं तर सगळे कागद कोणते लागणार त्याची एकच यादी पहिल्या दिवशी द्या, आठवड्याला एक नवा कागद मागू नका. आणि विमा लोकपालाकडे, म्हणजे कंपनीविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्याकडे, जाता येतं, फी लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, एकट्याच्या मालकीच्या दुकानदारालाही जाता येतं, हे क्लेम कमी केल्याच्या पत्रातच ठळक लिहायला लावा. मला ते कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं आणि मुदत वर्षाचीच असते. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये एका ट्रकच्या प्रकरणात सांगितलंय की सर्व्हेअरचा रिपोर्ट हा काही शेवटचा शब्द नाही, हे पण मला खूप उशिरा कळलं, नाहीतर त्या १ लाख ३२ वर मी एवढा गप्प बसलो नसतो.

देवरुखच्या फाइलबद्दल सांगून थांबतो. कौलारू छपराचं काम तिथे एकच सुतार करतो, सत्तरीचा आहे, आता पोरं शिकत नाहीत हे काम. आढ्याला कोणतं लाकूड, वासे किती लांबीचे, रीप किती फूट, सगळं त्याने लिहून दिलंय. कौलांचं असं आहे की जुन्या मापाची कौलं नव्यात बसत नाहीत, त्यामुळे कोणी घर पाडून स्लॅब टाकत असेल तिथून नगावर विकत आणावी लागतात, त्याचं बिल कुठून आणणार, सुताराने नगाचा भाव लिहिलाय आणि ज्यांच्याकडून आणली त्यांची सही घेतलीय. असे तीन कागद तीन सुतारांचे मिळणार नाहीत कारण तीन सुतारच नाहीत. मामेभावाला मी सांगितलंय की ओळखीने शिक्का आणायचा नाही, हाच कागद लावायचा, सोबत पडलेल्या झाडाचे, मोडलेल्या आढ्याचे आणि टेप धरून काढलेले फोटो. काल त्याने मेल केलाय. तुमच्यापैकी कोणाच्या तरी टेबलावर तो येईल, वहीचं पान आहे, कडेला समासाची लाल रेघ आहे, अक्षर थोडं थरथरतं आहे. तो परत पाठवू नका. शंका असेल तर माणूस पाठवा, सुतार शिडी लावून वर घेऊन जाईल आणि एकेक वासा मोजून दाखवेल.

आपला,
चिपळूण बाजारपेठेतला एक दुकानदार